कशाचा धूर?

गेले तीन दिवस एक वाक्य माझ्या वहीत अडकून पडलंय. 'आजीच्या स्वयंपाकघरात ...... धूर कोंडला होता.' मधली जागा रिकामी. पहिल्या झटक्यात तिथे 'काळाकुट्ट' लिहिलं होतं. धूर म्हटला की हात आपोआप तिकडेच वळतो. वर्तमानपत्रातल्या प्रत्येक आगीत काळ्याकुट्ट धुराचे लोट उठतात, मग जळो टायरचं गोदाम नाहीतर गवताची गंजी. पण वाक्य पुन्हा वाचलं आणि जाणवलं, आजीच्या चुलीचा धूर काळा नव्हताच. काळं होतं ते आढं, फडताळ, दुधाच्या पातेल्याचं बूड. वर्षानुवर्षांची काजळी धरून सगळं घर काळं झालं होतं, धूर सोडून.

मग 'धूसर' घालून पाहिलं. शब्द देखणा, पण मूळ संस्कृतात धूसर म्हणजे धुळीच्या रंगाचा. धुराशी त्याचं नातं आपण कानावर विसंबून जोडलेलं. 'धूम्र' धुराच्या घरातला खरा, पण धूम्रवर्ण हे गणपतीचं नाव, आजीच्या ओल्या लाकडांना ते फारच भारी. 'धुरकट'पाशी आलो आणि स्वतःलाच हसू आलं. धुरकट धूर! उद्या पाणचट पाणी लिहीन.

डोळे मिटून आठवायला बसलो तेव्हा आठवला तो निळा. कौलांच्या फटीतून उन्हाची एक तिरीप आत यायची आणि तिच्यात धूर निळाशार दिसायचा, वळसे घेत वर चढायचा. अंगणात जाऊन पाहावं तर तोच धूर कौलांवरून निघताना उजळ आभाळापुढे मातकट, पिवळट. लहानपणी मला वाटे, कौलांतून जाताना त्याला मातीचा रंग लागतो. खरं कारण निराळं. धुराचे अगदी बारीक कण उजेडातला निळा भाग जास्त विखुरतात. अंधाऱ्या भिंतीसमोर आपल्याला तो विखुरलेला निळा दिसतो, आणि आभाळाकडे तोंड करून पाहिलं की निळा वजा जाऊन उरलेला पिवळट उजेड तेवढा डोळ्यांत येतो. आजोबांच्या बिडीतही हे दोन धूर होते. पेटत्या टोकाचा निळा आणि त्यांच्या नाकातोंडातून बाहेर पडलेला पांढुरका, कारण छातीतल्या ओलाव्याने कण फुगून मोठे झालेले. म्हणजे विशेषण निवडण्याआधी मी कुठे उभा आहे, आत की अंगणात, हे ठरवायला हवं.

धुराच्या विशेषणांचा खरा जाणकार मला भेटला तो गॅरेजमध्ये. माझी जुनी गाडी चालू करून तो मागे जाऊन उभा राहिला आणि दोन शब्दांत निकाल दिला, "निळा मारतीय." निळा म्हणजे इंजिन ऑईल खातंय, रिंगा गेल्या. काळा असता तर हवा कमी, इंधन जास्त, आधी फिल्टर बघायचा. पांढरा धूर थांबतच नसेल तर पाणी आत शिरतंय, खिसा मोकळा करायची तयारी ठेवायची. त्याच्या एकेका विशेषणाला खर्चाचा आकडा चिकटलेला होता. आम्हा लिहिणाऱ्यांना विशेषण फुकट पडतं, म्हणून आम्ही ते उधळतो.

गावात तर रंगावर कुणी जातच नसे. आमच्या मावळात एप्रिल-मेमध्ये भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. शेण, कवळं, पालापाचोळा, वर मातीचा पातळ थर. आग भडकू न देता धुमसत ठेवायची. तो धूर जड अंगाचा, संध्याकाळी खाचरांवर लोळत पडतो. गोठ्यातली धुमी डासांसाठी. बाळाला न्हाऊ घातल्यावर निखाऱ्यावर ओवा आणि वावडिंग टाकून द्यायची ती धुरी. धुपाटण्यातला ऊद. बैराग्याची धुनी. प्रत्येकाला वेगळं नाव, त्यामुळे विशेषणाचं कामच उरत नाही. भाषेत तर सोन्याचाही धूर निघतो आणि चार पैसे आले की माणसाच्या डोळ्यांवरही धूर येतो. यातला एकही कुठल्या रंगाचा, हे कुणी सांगून ठेवलेलं नाही.

न्यायशास्त्राचं, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्राचं, गाजलेलं उदाहरण आहे: डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे, जसं स्वयंपाकघरात. दाखला स्वयंपाकघराचा, हे मला फार आवडतं. पण त्याहून गमतीचा त्याचा पुढचा भाग. उलट बाजूने, अग्नी आहे म्हणून धूर असणारच, असं म्हणता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर व्हायचा तर ओल्या इंधनाची गाठ पडायला हवी. हे पंडित चुलीपुढे कधीतरी बसलेले असणार, निदान चुलीपुढे बसलेल्या कुणाच्या तरी शिव्या त्यांनी ऐकलेल्या असणार.

शेवटी मावशीला फोन लावला. ती त्याच घरात वाढली.

"मावशी, आजीच्या चुलीचा धूर कसा असायचा गं?"

"कसा म्हणजे? कशाचा? गोवऱ्यांचा का लाकडांचा?"

"लाकडांचा."

"सुकी का पावसातली?"

"पावसातली. रंग कसा दिसायचा?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग ती मोठ्यांदा हसली. "अरे, एका हाताने फुंकणी धरायची, दुसऱ्या हाताने भाकरी सांभाळायची, डोळ्यांतून नुसत्या धारा. रंग कोण बघतंय! रंग तुम्ही पोरं बघायचात, उंबऱ्यात बसून."

फोन ठेवला आणि निळ्यावरही काट मारली. आता वाक्य असं आहे: 'ओल्या जळणाचा धूर झाला होता आणि आजी पदराने डोळे पुसत भाकरी थापत होती.' विशेषण आहे एक. पण ते जळणाला लागलंय.