पाचूतल्या रेघा

“ज्योतिषी म्हणतात, पाचू निर्दोष हवा, सराफाकडे पाहावा त्या प्रत्येक पाचूत रेघा आणि जाळे दिसते. मग धारण करण्याजोगा पाचू मिळायचा कुठे?” रत्नपरीक्षेचे काम करत असल्यामुळे हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो, आणि आता तुम्ही विचारलात म्हणून सविस्तर लिहिते आहे.

रेघा असणे हा पाचूचा स्वभाव आहे. पाचू म्हणजे बेरिल नावाचे खनिज. ते शुद्ध असेल तर रंगहीन असते आणि क्रोमियम किंवा व्हॅनेडियमचा अंश मिसळला तरच त्याला हा हिरवा रंग चढतो. बेरिलमधले बेरिलियम आणि रंग देणारे क्रोमियम ही मूलद्रव्ये निसर्गात सहसा निरनिराळ्या खडकांत सापडतात, त्यामुळे ती एकत्र यायची तर भूगर्भात मोठी उलथापालथ व्हावी लागते आणि त्या ताणातच स्फटिक वाढतो. कोलंबियाचा पाचू काळ्या शेल खडकातून वाहिलेल्या उष्ण, खारट पाण्यापासून तयार झाला आहे. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्यात कधीकधी इवलीशी पोकळी दिसते. तिच्यात त्याच पाण्याचा थेंब, त्यात मिठाचा एक चौकोनी कण आणि वायूचा बुडबुडा असतो. इतकी वर्षे हे काम करूनही हे दृश्य दिसले की मी थांबून पाहत राहते. अशा खड्याला सदोष म्हणायला माझे मन घेत नाही.

आपल्याकडे पाचूचा मान जुना आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत मरकताला, म्हणजे पाचूला, एक छोटा अध्याय दिला आहे; पोपट, वेळूचे पान, केळ आणि शिरीषाचे फूल यांच्यासारखी ज्याची प्रभा तो गुणयुक्त मरकत देवकार्यात आणि पितृकार्यात अतिशय शुभ, असे तो सांगतो. गरुडपुराणातल्या कथेनुसार बल नावाच्या असुराचे पित्त घेऊन वासुकी निघाला असता गरुडाने त्याच्यावर झडप घातली, आणि वासुकीने टाकलेले ते पित्त जिथे पडले तिथे मरकताची खाण झाली. गरुडाशी असलेल्या या नात्यामुळेच पाचू विष उतरवणारा मानला गेला. रोमन लेखक प्लिनी निराळेच सांगतो: कोरीव काम करणारे कारागीर थकलेल्या डोळ्यांना विसावा मिळावा म्हणून पाचूकडे पाहत. रोमनांचा पाचू इजिप्तच्या पूर्वेकडील वाळवंटातल्या खाणींतून येई.

मोठा, गडद पाचू भारतात मुबलक येऊ लागला तो सोळाव्या शतकानंतर, आणि त्या वाटेवर आपला गोवा होता. 1537 मध्ये स्पॅनिश लोक आजच्या कोलंबियातल्या चिवोरच्या खाणीपर्यंत पोहोचले. पुढे मुझोच्या खाणीही त्यांनी घेतल्या. तिथले मुईस्का लोक देवांना पाचू अर्पण करीत असत. मुझो लोकांच्या कथेत फुरा नावाच्या आदिस्त्रीच्या अश्रूंचे पाचू झाले. तिच्या आणि तिचा पती तेना याच्या नावाचे दोन सुळके आजही मिनेरो नदीच्या दोन्ही काठांवर उभे आहेत. तिथल्या या मूळ रहिवाशांना खाणींत राबवून स्पॅनिशांनी अक्षरशः संपवत आणले, आणि पाचूचे गुणगान करताना हे विसरणे मला योग्य वाटत नाही. तो माल सेव्हिल आणि लिस्बनमार्गे पोर्तुगीज जहाजांतून गोव्याला येई, काही मनिलामार्गेही येई, आणि तिथून मुघल व दख्खनी दरबारांत जाई. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात प्राणवायूच्या समस्थानिकांवरून (म्हणजे त्याच्या कमीअधिक वजनाच्या अणूंच्या प्रमाणावरून) जुन्या पाचूंचे मूळ शोधले गेले, तेव्हा हैदराबादच्या निजामाच्या संग्रहातल्या तपासलेल्या पाचूंपैकी बहुतेक कोलंबियाचे निघाले.

या दरबारांनी पाचूचे जे केले ते मला फार मोलाचे वाटते. ‘मुघल पाचू’ म्हणून ओळखला जाणारा 217.80 कॅरटचा खडा हिजरी 1107 मधला, म्हणजे 1695-96 चा आहे. त्याच्या एका बाजूवर शिया पंथाची प्रार्थना कोरलेली आहे आणि दुसऱ्या बाजूवर फुलापानांची नक्षी. ठिसूळपणासाठी प्रसिद्ध असलेल्या रत्नावर इतकी अक्षरे उठवणाऱ्या कारागिराचा हात किती स्थिर असेल! तमिळनाडूत रामनाथपुरमजवळ उत्तरकोशमंगै येथे नटराजाची पुरुषभर उंचीची मूर्ती आहे. परंपरा तिला मरकताची मानते. वाद्यांच्या नादानेही मरकताला तडा जाईल अशी तिथली श्रद्धा असल्यामुळे मूर्ती वर्षभर चंदनाच्या लेपाखाली असते आणि मार्गळी (डिसेंबर-जानेवारी) महिन्यातल्या आरुद्रा दर्शन या नटराजाच्या उत्सवाच्या वेळी तेवढा तो लेप उतरवतात. पाचू नाजूक आहे हे या भक्तांनी ओळखले, आणि त्या नाजूकपणाचीच सेवा केली.

नवरत्नांत पाचू बुधाचा. म्हणून तो बुधवारी, करंगळीत, वाणी आणि बुद्धीसाठी घालतात. त्याने परीक्षेत गुण वाढतील किंवा धंदा चालेल असे मी कोणाला सांगत नाही, कारण तसे दाखवणारा पुरावा माझ्यापाशी नाही. मात्र बोलण्यापूर्वी हातातल्या हिरव्या खड्याकडे नजर जावी आणि शब्द जपून वापरावेत, हा उपयोग मला खरा वाटतो. त्यासाठी खडा निर्मळ काचेसारखा असण्याची गरज नाही. अगदी स्वच्छ, मोठा आणि स्वस्त पाचू कोणी दाखवला तर तो काच किंवा प्रयोगशाळेत वाढवलेला असण्याचीच शक्यता जास्त.

तेव्हा घेताना रंग आणि तेज पाहा. रेघा आत असू द्या, फक्त पृष्ठभागापर्यंत येऊन खडा दुभंगेल अशी मोठी चीर नसावी. बहुतेक पाचूंच्या चिरांत तेल भरलेले असते. ती जुनी, मान्य रीत आहे, पण तेल किती आहे हे प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्रावर लिहून घ्या. कोंदण खालून उघडे ठेवा म्हणजे खडा बोटाला लागेल. विधीसाठी दुधात ठेवायचा असेल तर थोडाच वेळ ठेवा आणि नंतर साध्या कोमट पाण्याने धुऊन मऊ कापडाने पुसा. वाफेच्या किंवा अल्ट्रासॉनिक यंत्रात मात्र तो कधीही स्वच्छ करायला देऊ नका. त्यात तेल निघून जाते आणि तोवर न दिसलेल्या चिरा दिसू लागतात.