जॉनी डॉलरच्या गावात

गेल्या आठवड्यातल्या हिमवादळात आमच्याकडची वीज संध्याकाळी गेली, ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. लोडशेडिंगमध्ये बारावी केलेल्या मुलीला त्याचं काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. पण इथे वीज गेली की हीटरही बंद. बाहेर उणे आठ आणि नवरा कामासाठी दुसऱ्या राज्यात. तेवढ्यात शेजारच्या आजी काठी टेकत दारात आल्या. वय अठ्ठ्याऐंशी, दृष्टी जवळजवळ गेलेली. ‘माझ्याकडे लाकडाचा स्टोव्ह आहे, इथे एकटी कुडकुडत बसू नकोस,’ म्हणाल्या. इथे कुणी कुणाचं नसतं, असं मी आईला फोनवर कितीदा सांगितलंय, ते त्या क्षणी आठवलं.

मी काय काम करते, हे त्यांना त्या रात्री पहिल्यांदाच कळलं. आम्ही राहतो ते अमेरिकेतलं हार्टफर्ड हे विमा कंपन्यांचं शहर. आमच्या ओळखीतली निम्मी मराठी घरं त्याच धंद्यावर चालतात, आणि मीही क्लेमचं सॉफ्टवेअर सांभाळते. ते ऐकून आजी एकदम ताठ बसल्या. ‘म्हणजे जॉनी डॉलरच्या गावात, जॉनी डॉलरच्याच धंद्यात!’ मग चाचपडत कपाटातून सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर आणि कॅसेटचा डबा काढला. नियम एकच: नाटक चालू असताना बोलायचं नाही. मेणबत्तीही त्यांनी विझवायला लावली.

‘युअर्स ट्रूली, जॉनी डॉलर’ ही सीबीएस रेडिओवर 1949 ते 1962 चाललेली मालिका. नायक हार्टफर्डला राहणारा, विमा कंपन्यांसाठी क्लेम तपासणारा माणूस. फोनची घंटा वाजते, तो स्वतःचं नाव सांगतो आणि काम सुरू होतं. आणि सगळी गोष्ट तो सांगतो कंपनीला पाठवायच्या खर्चाच्या हिशेबातून! बाब पहिली, विमानाचं भाडं. बाब दुसरी, टॅक्सी. दोन बाबींच्या मधल्या जागेत खून, खोटी पॉलिसी, रडणारी बायको. शेवटी खर्चाची बेरीज आणि खाली सही. असे हिशेब माझ्या स्क्रीनवरून रोज शेकड्याने जातात, पण टॅक्सीच्या भाड्यामागे एखादा माणूस घाबरून बसलेला असेल, हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं.

1955-56 मध्ये ही मालिका सोमवार ते शुक्रवार, रोज पंधरा मिनिटं, अशी लागायची. पाच दिवसांत एक गोष्ट पुरी. नायकाचा आवाज बॉब बेली यांचा. थकलेला, जरा खरखरीत, पण समोरच्याचं ऐकून घेणारा. त्या रात्री आम्ही अशी एक अख्खी गोष्ट एका बैठकीत ऐकली. त्यात एक जागा आहे. लाकडी जिन्यावर बुटांचा आवाज वर येतो, थांबतो, आणि मग कितीतरी वेळ काहीच नाही. मी श्वास धरून बसले होते. स्टोव्हमधलं लाकूड तडकलं तेव्हा आम्ही दोघीही दचकलो.

नंतर आजी आवाज कसे काढायचे ते सांगत बसल्या. सेलोफेनचा कागद चुरगाळला की आग. चामड्याच्या पिशवीत मक्याचा स्टार्च घालून दाबलं की बर्फावरची पावलं. नारळाच्या करवंट्या आपटल्या की घोडा. करवंट्यांचं ऐकून मला उगीचच अभिमान वाटला.

मग यांच्या आणि आपल्या रेडिओची माझी तुलना सुरू झाली, ती अजून थांबलेली नाही. पहिला मुद्दा आपल्या बाजूचा. यांच्या नाटकांवर साबणवाल्या प्रायोजकांची सत्ता होती. दिवसाच्या कौटुंबिक मालिकांना ‘सोप’ हे नाव चिकटलं ते त्यामुळेच. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरच्या ‘पुन्हा प्रपंच’ या श्रुतिकामालिकेत टेकाडे भावजींना कुणी मध्येच थांबवून साबणाची वडी विकली नाही. आणि ‘एमॉस अँड अँडी’सारख्या अतिशय लोकप्रिय कार्यक्रमात गोरे नट काळ्या माणसांची बोली काढून हशा मिळवायचे. ते मला ऐकवत नाही, आणि जुना काळ होता म्हणून सोडूनही देता येत नाही.

पण यांच्याकडे आवाज उरलेत, हे कबूल करावंच लागतं. बराच काळ प्रक्षेपण थेट असायचं; कित्येकदा पश्चिम किनाऱ्यासाठी तेच नाटक तीन तासांनी पुन्हा करायचे. तरी जाहिरात कंपन्यांसाठी, परदेशातल्या सैनिकांसाठी सोळा इंची तबकड्यांवर ध्वनिमुद्रण होई. युद्धात ॲल्युमिनियम मिळेना, तेव्हा काचेवर लेप देऊन तबकड्या केल्या. बरंच गेलं, फुटलं. जे उरलं त्यातलं कितीतरी हौशी लोकांनी टेपवर उतरवून एकमेकांना दिलं. आजींच्या डब्यातल्या कॅसेट अशाच कुणीतरी केलेल्या प्रती आहेत.

आमच्या घरी दर आठवड्याला रेडिओभोवती सगळे जमायचे, आणि त्यातली एकही श्रुतिका माझ्याकडे नाही. सगळा दोष मी दुसऱ्यांना देत नाही. बाबांकडे टेपरेकॉर्डर होता, कोऱ्या कॅसेटही होत्या. आम्ही त्यावर गाणी भरली. मी इथे आले म्हणून ते सुटलं, असं भावाला वाटतं. मला तसं वाटत नाही. तिथे राहिले असते तर मी टीव्हीच बघत बसले असते. घरापासून इतकी लांब आले म्हणूनच आता त्या आवाजांसाठी जीव तुटतो.

वीज आल्यावर मी पहिला फोन आईला केला. ‘पुन्हा प्रपंच’मधल्या मीनावहिनी कशा बोलायच्या, ते करून दाखव म्हटलं. ‘आत्ता?’ म्हणाली, पण दाखवलं. आधी मीनावहिनी, मग टेकाडे भावजी, मग दोघांचं भांडण. मी ते फोनवर मुद्रित करून ठेवलंय. चार मिनिटं दहा सेकंद, आणि मध्ये कुकरच्या दोन शिट्ट्या.