पगार चांगलाय पण काम पटत नाहीये

नोकरी घेताना तत्त्वं बघायची की पगार, हा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो तत्त्वांनी पोट भरत नाही, दुसरा म्हणतो पैशासाठी काय वाट्टेल ते करायचं का. मला दोघांचंही पूर्ण पटत नाही, कारण नंतर जे टोचतं ना, ते कंपनी काय विकते यापेक्षा आपल्याला रोज काय करायला लावते यात जास्त असतं.

तंबाखू, जुगार, शस्त्रं, तिथे जायचं नाही हे ठरवणं सोपंय. पण बँक? बँक म्हणजे सेफ नोकरी, असंच ना. तर अमेरिकेत वेल्स फार्गो बँकेत ग्राहकांना न विचारता त्यांच्या नावावर लाखो खाती उघडल्याचं २०१६ मध्ये बाहेर आलं, १८.५ कोटी डॉलर दंड झाला आणि सुमारे ५,३०० लोकांना काढून टाकलेलं. एवढे सगळे काय मुळातच लबाड होते? वरून घोषणा होती एकेका ग्राहकाला आठ-आठ प्रॉडक्ट्स विका, आणि टार्गेट चुकलं की बोलणी खायची, मग हप्ते डोक्यावर असलेला माणूस काय करणार. आणि शेवटी सेफ नोकरी पण गेलीच की!

म्हणून वेबसाइटवरचं ते 'आमची मूल्यं' वालं पान मी वाचतच नाही. इंटरव्ह्यूमध्ये शेवटी विचारतात ना, तुम्हाला काही विचारायचंय का, तेव्हा मी विचारते की मागच्या वर्षी ज्यांचं टार्गेट झालं नाही त्यांचं पुढे काय झालं. काही जण सरळ सांगतात. काही जण एचआरकडे बघतात, एचआर लॅपटॉपकडे बघते, आणि मग 'आम्ही एक फॅमिली आहोत' सुरू होतं. एवढं मला पुरतं.

आता पगार. जास्त पगार वाईट असं अजिबात नाही, पण तो कसा मिळतो ते नीट वाचा. जॉइनिंग बोनस ठराविक मुदतीआधी सोडलं तर बऱ्याचदा परत द्यावा लागतो, पगाराचा भाग म्हणून कबूल केलेले कंपनीचे शेअर्स साधारण चार वर्षांत थोडे थोडे मिळतात आणि बहुतेक ठिकाणी पहिलं वर्ष भरायच्या आत निघालात तर एकही नाही. म्हणजे नको ते काम समोर आलं आणि तुम्हाला नाही म्हणायचं असेल तर त्याची किंमत आधीच कागदावर लिहिलेली असते.

२०१८ मध्ये गूगलच्या हजारो कर्मचाऱ्यांनी अमेरिकन लष्करासाठीच्या ड्रोनच्या व्हिडिओमधल्या वस्तू ओळखणाऱ्या प्रोजेक्टविरुद्ध पत्रावर सह्या केल्या, आणि कंपनीने ते कंत्राट पुढे वाढवलं नाही. मस्तच. पण राजीनामे दिले ते डझनभरच लोकांनी, आणि त्या लोकांना बाजारात मागणी होती हेही खरंय. ज्याच्या एकट्याच्या पगारावर घर चालतं त्याला 'सोड ना मग' म्हणणं मला जरा उद्धटपणाच वाटतो. त्याने आधी निदान सहा महिन्यांचा खर्च बाजूला टाकावा, तोवर टिकून राहावं, खोट्या कागदावर तेवढी सही करू नये.

आणि घरी हा विषय काढायचा असेल तर आकडा घेऊन बसा. 'मला पटत नाही' म्हटलं की भांडण होतं. महिन्याला इतके कमी येतील आणि हे-हे खर्च थांबवावे लागतील असं म्हटलं की निदान कोणीतरी कॅल्क्युलेटर काढतं.