कोऱ्या मडक्याचा वास

मातीच्या अत्तराविषयी कोणी विचारले, की ‘पहिल्या पावसाचा वास’ असे सांगून मोकळे होण्याची पद्धत आहे. परंतु गेली चार वर्षे हे अत्तर जवळजवळ रोज लावल्यानंतर मला ते वर्णन चुकीचे वाटू लागले आहे. पावसाच्या वासात धूळ असते, चिरडलेले गवत असते, कुजत आलेला पालापाचोळा असतो, आणि मुख्य म्हणजे मोकळी हवा असते. या अत्तरात यांपैकी काहीही नाही. त्यात आहे तो भट्टीतून नुकत्याच निघालेल्या खापराचा वास. कोऱ्या माठात पहिल्यांदा पाणी ओतले की माती ते अधाशासारखी शोषून घेते आणि त्या क्षणी माठाच्या तोंडाशी जो गार, किंचित पिठूळ दरवळ येतो, तो आणि हा एकच.

हा फरक कळायला मला वेळ लागला. पहिली कुपी हाती आली तेव्हा मी बूच काढून थेट नाकाशी धरली, आणि पदरी निराशा आली. चंदनाचे जड, तुपकट अस्तर तेवढे जाणवले. पाऊस कुठेच नव्हता. मी ती कुपी कपाटात ठेवून दिली आणि महिनाभर तिच्याकडे पाहिलेही नाही. पुढे एका दुपारी, काही कारण नसताना, त्यातला एक थेंब मनगटावर लावला आणि कामाला लागले. तासाभराने कागद उलटताना अचानक वाटले की जवळपास कुठेतरी तापलेल्या विटेवर पाणी शिंपडले आहे. मी खिडकीकडे पाहिले, आणि मग हाताकडे.

कनौजला हे अत्तर कसे तयार होते हे समजून घेतल्यावर त्या उशिराचे कारण कळले. उत्तर प्रदेशातले गंगेकाठचे हे गाव अत्तरांसाठी शतकानुशतके प्रसिद्ध आहे आणि २०१४ मध्ये तिथल्या अत्तराला भौगोलिक मानांकनही मिळाले. मातीचे अत्तर काढण्याचा हंगाम उन्हाळ्याच्या अखेरीचा, पाऊस येण्यापूर्वीचा. माती मळून तिच्या चकत्या किंवा लहान भांडी करतात, ती भाजतात, आणि ती भाजलेली माती ‘देग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तांब्याच्या मोठ्या हंड्यात पाण्यासह घालतात. झाकणाची फट ओल्या मातीने लिंपून बंद केली जाते. खाली लाकडे आणि गोवऱ्यांचा जाळ असतो. वाफ बांबूच्या नळीतून, म्हणजे ‘चोंग्या’तून, लांब मानेच्या तांब्याच्या ‘भपक्या’त उतरते, हा भपका पाण्याच्या हौदात बसवलेला असतो आणि त्याच्या पोटात आधीच चंदनाचे तेल असते. वाफ तिथे निवते, तिच्यातला गंध तेलात मुरतो, आणि तेलाखाली साठलेले पाणी नंतर काढून टाकले जाते. मग तेच तेल, नवी माती, पुन्हा जाळ. असे कित्येक दिवस. जाळ किती ठेवायचा आणि हौदातले पाणी केव्हा बदलायचे हे कारागीर हाताने भपका चाचपून ठरवतात. मला या सगळ्यात एक गोष्ट फार विलक्षण वाटते: फुलाच्या अत्तराला निदान फूल तरी असते, इथे मात्र भाजून कोरड्याठाक झालेल्या खापरातून, ज्याला आपण निर्गंध म्हणू अशा वस्तूतून, गंध काढायचा असतो.

माती निर्गंध नसते हे शास्त्रानेही मागाहून दाखवले. ऑस्ट्रेलियातील इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या दोन संशोधकांनी १९६४ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात या वासावर लेख लिहिला आणि त्याला ‘पेट्रिकोर’ हे नाव दिले. उष्ण, कोरड्या हवेत पडून राहिलेल्या दगडमातीतून वाफेच्या साहाय्याने त्यांनी पिवळसर तेल वेगळे केले होते. आणि हा गंध उत्तर प्रदेशात फार पूर्वीपासून चंदनाच्या तेलात धरून विकला जातो, याची नोंदही त्यांनी केली. आपल्याकडे ‘मृद्गंध’ हा शब्द असताना ‘पेट्रिकोर’ची मला कधी गरज वाटली नाही, पण ती नोंद वाचून आनंद झाला हे खरे. ओल्या जमिनीचा जो दुसरा, दमट वास आपण ओळखतो, तो मुख्यतः जिओस्मिन या द्रव्याचा. मातीतले स्ट्रेप्टोमायसीससारखे जिवाणू ते तयार करतात, बीटालाही त्याचाच वास असतो, आणि पाण्याच्या एक लाख कोटी भागांत त्याचे पाचदहा भाग असले तरी माणसाच्या नाकाला ते कळते. भट्टीतून गेलेल्या मातीत ते जिवाणू जिवंत राहत नाहीत. या अत्तरात मला ती कंदमुळांची ओल कधीच सापडत नाही, त्याचे कारण हेच असावे असे मी मानते. ओल हवी असेल त्याने वाळ्याचे अत्तर घ्यावे. त्यात हिरवेपणा आहे, मुळे आहेत, पाण्याकाठचा गारवा आहे. मातीचे अत्तर कोरडे आहे, आणि त्याचे सौंदर्य त्या कोरडेपणातच आहे.

लावताना म्हणूनच हात आखडता घ्यावा लागतो. काचेच्या काडीचे टोक मनगटाला एकदा टेकवावे आणि दुसरे मनगट त्यावर घासू नये, नुसते टेकवावे. आंघोळीनंतर त्वचा किंचित ओलसर असताना लावले तर ते अधिक चांगले उमलते असा माझा अनुभव आहे. पहिली दहा मिनिटे केवळ चंदन बोलते. त्यानंतर माती वर येते, प्रथम खडूसारखी, मग पाणी प्यालेल्या विटेसारखी, आणि हा टप्पा माझ्या अंगावर दोन-तीन तास टिकतो. संध्याकाळी पुन्हा चंदनच उरते, पण आता ते सकाळच्यापेक्षा मऊ आणि राखेकडे झुकलेले असते. अल्कोहोलवर आधारलेले सुगंध हवेत उडून खोलीभर पसरतात. हे तेल अंगालगत राहते. शेजारी बसलेल्याला ते कळेलच असे नाही, आणि मला ते कळावे असे वाटतही नाही. कानात फाया ठेवण्याची जुनी रीत या अत्तराला फार शोभते, कारण मान वळवली की गंध आपल्याला भेटतो आणि पुन्हा मागे सरतो. फिक्या रंगाच्या सुती कपड्यावर मात्र थेट लावू नये, डाग जात नाही.

दुसरी कुपी मी घाईने घेतली आणि फसले. विक्रेत्याने चंदनाचे तेल सांगितले होते. प्रत्यक्षात ते पॅराफिनवर उतरवलेले, कृत्रिम द्रव्याने मातीची बतावणी करणारे तेल निघाले. पहिल्या क्षणी ते अस्सलपेक्षाही जास्त ‘पावसाळी’ वाटले, इतके की मी हरखून गेले, आणि नेमकी तिथेच मला शंका यायला हवी होती. अर्ध्या तासात त्याचा तळघरातल्या कोंदट ओलीसारखा वास झाला आणि दिवसभर तसाच राहिला. त्यात चढ नव्हता, उतार नव्हता. चंदन दुर्मीळ आणि अतिशय महाग झाल्यामुळे पर्यायी आधारद्रव्यांचा वापर वाढला आहे, आणि कारागिरांची अडचण मला समजते. पण मग कुपीवर तसे लिहावे. चंदन इथे केवळ वाहक नसते. मातीचा गंध इतका हलका असतो की त्याला धरून ठेवणारे, तरीही त्याच्यावर कुरघोडी न करणारे दुसरे तेल मला तरी माहीत नाही. आता मी विकत घेण्यापूर्वी एक थेंब मनगटावर लावून निघून जाते आणि चार तासांनी निर्णय करते. जे अत्तर बाटलीत सगळे सांगून टाकते ते मी घेत नाही.

पहिली कुपी अजून संपलेली नाही. उजेडापासून दूर, घट्ट बूच लावून ठेवल्यामुळे तिच्यातले तेल बिघडलेले नाही, उलट रंगाने गडद आणि स्वभावाने सौम्य झाले आहे. खडूसारखी धार कमी झाली आहे, आणि माती आता पूर्वीपेक्षा लवकर, पाचेक मिनिटांतच वर येते. आज सकाळी हे टिपण लिहायला बसण्यापूर्वी तिच्यातलाच एक थेंब लावला होता, आणि शेवटच्या परिच्छेदापर्यंत येईतो मनगटावरच्या विटेने पाणी पिऊन घेतले आहे.