एका घरामागे किती मीटर पाइप?

सांगलीत नवीन कॉलनीचा ले-आउट मंजूर होताना प्लॉट किती, रस्ता किती फुटी, ओपन स्पेस कुठे, एवढं बघितलं जातं. एका कुटुंबामागे महापालिकेला किती मीटर पाइप, गटार आणि डांबर सांभाळावं लागणार, हे कुणी विचारत नाही. घर परवडेल की नाही आणि वीस वर्षांनी समोरचा रस्ता दुरुस्त होईल की नाही, दोन्ही त्यावर ठरतं.

शंभर मीटरचा रस्ता घ्या. दोन्ही बाजू मिळून दर्शनी भाग 200 मीटर. जुन्या पेठेसारखी भिंतीला भिंत लागून 6 मीटर रुंदीची घरं असली तर एका बाजूला 16, म्हणजे एकूण 32 बसतात. प्रत्येकात दोन बिऱ्हाडं धरली तर 64, म्हणजे बिऱ्हाडामागे साधारण दीड मीटर पाइप. बंगल्याचे 12 मीटर दर्शनीचे प्लॉट मात्र 16 बसतात. त्यातले निम्मे गुंतवणूक म्हणून गवतात पडून असले, तर राहती कुटुंबं 8, आणि कुटुंबामागे साडेबारा मीटर पाइप. खांब, गटार, डांबर तेवढंच.

हे रुपयांत मांडायचं तर डीएसआरमधला, म्हणजे सरकारी कामांच्या दरसूचीतला, मीटरमागचा दर घ्या, त्याला त्या कामाच्या आयुष्यानं भागा. येणाऱ्या आकड्याशी त्या गल्लीची वर्षाची घरपट्टी ताडून पाहा. पहिल्यांदा काम आमदार फंडातून किंवा बिल्डरच्या खर्चानं होतं, म्हणून फुकट वाटतं. खरा खर्च दुसऱ्यांदा डांबर टाकताना येतो, तेव्हा कुणीच नसतं.

सांगलीसारख्या सपाट गावात ड्रेनेजचं गणित आणखी अवघड. सहा इंची पाइपला शंभर फुटाला साधारण एक फूट उतार द्या, म्हणजे हजार फुटांवर लाइन दहा फूट आणखी खाली जाते. मोठ्या पाइपला उतार कमी चालतो, पण तो महाग. शेवटी पंप बसवावा लागतो आणि त्याचं वीजबिल कायमचं. वर ही काळी माती: ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. ती काढून खाली मुरूम न भरता डांबर टाकलं, तर दुसऱ्या पावसाळ्यात रस्ता लाटांसारखा होतो. मग जुना थर न खरवडता वरून नवा थर पडतो. असं दोन-तीनदा झालं की रस्ता वर आणि घराचं जोतं खाली. गल्लीतलं पाणी ओट्यावरून थेट सोप्यात!

स्वस्त घराचा मार्ग लहान प्लॉटवरच्या तीन मजल्यांतून जातो. दोन गुंठे म्हणजे 2,178 चौरस फूट. मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण, 1.1 धरला तरी सुमारे 2,400 चौरस फूट बांधकाम मिळतं, त्यात लहान अशी पाच-सहा घरं निघतात, आणि जागेची किंमत तितक्या घरांत वाटली जाते. अडतं ते पार्किंगवर. चारचाकीचा आग्रह धरला की तळमजला खांबांवर उभा राहतो, रस्त्याकडेचं किराणा दुकान जातं, आणि दूध आणायलाही गाडी काढावी लागते.

गुंठेवारीत, म्हणजे मंजूर ले-आउटशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं विकलेल्या जमिनीत, लोकांनी हेच लहान प्लॉट स्वतःच्या हिमतीनं घेतले, पण कागद अर्धवट राहिले. सातबारावर सामाईक नाव असलं की बँक कर्ज देत नाही आणि आवास योजनेचं अनुदानही मालकी सिद्ध होईपर्यंत अडतं. गुंठेवारी नियमित करण्याचा 2001 चा कायदा 2021 च्या दुरुस्तीनं 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या प्लॉटना लागू झाला आहे. शेजाऱ्यांनी मिळून एकत्र मोजणी करून घ्यावी. एकेकट्यानं केलं तर हद्दी जुळत नाहीत आणि रस्ता कुणाच्याच नकाशात नीट येत नाही.

जागा कुठली, हा प्रश्न मात्र सगळ्यात मोठा. गावभाग, खणभाग या जुन्या पेठा चालायला उत्तम, पण कृष्णा नदीलगत. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी 45 फूट. शामरावनगरसारख्या सखल भागात तर पूर नसतानाही पावसाचं पाणी हटत नाही. म्हणून नवी दाट वस्ती विश्रामबागेपासून मिरजेकडे, तुलनेनं उंच पट्ट्यात व्हावी, असं माझं ठाम मत आहे. तिथं सांगली-मिरज बस आहे, पाइप आधीच गेलेले आहेत आणि मोकळे प्लॉटही आहेत. प्लॉट घेण्याआधी निळी (साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची) आणि लाल (100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची) पूररेषा नकाशावर स्वतः बघा, एजंटाच्या तोंडी भरवशावर राहू नका.

फूटपाथ 1.8 मीटर मोकळा हवा, कर्ब, म्हणजे त्याची रस्त्याकडेची कड, सहा इंचांपेक्षा उंच नको. फूटपाथ बिघडतो गेटपाशी: प्रत्येक जण गाडीसाठी उतार काढतो, आणि म्हातारी माणसं वर-खाली करण्यापेक्षा रस्त्यावरून चालतात. उतार कर्बच्या कडेच्या पट्टीत घ्यावा, चालायचा भाग सपाट ठेवावा. महावितरणचा डीपी (ट्रान्सफॉर्मर) आणि खांब त्या 1.8 मीटरच्या बाहेर, हे काम सुरू होण्याआधीच नकाशावर आखून घ्यावं. एकदा खांब उभा राहिला की तो हलवण्याचा खर्च कुठलंच खातं उचलत नाही.