फळ्यावरचा आजचा प्रश्न : २१४ दिवसांचा हिशेब

१५ जुलैला आमच्या अमळनेरच्या वाचनालयाच्या दारातल्या फळ्यावर पहिला प्रश्न लिहिला, तो आठवडाभर टिकेल असं मलाही वाटलं नव्हतं. आज १३ फेब्रुवारी, दिवस २१४ वा. खाडे अकरा पडले. त्यातले सात तापाचे, तीन लग्नसराईचे आणि एक निव्वळ आळसाचा. बाकी पद्धत तीच आहे. सकाळी सातला प्रश्न आणि चार पर्याय, संध्याकाळी सातला उत्तर, मधल्या वेळात बिस्किटाच्या डब्यात चिठ्ठ्या. विषय एकच, दिनविशेष. आजच्या तारखेला काय घडलं, कोण जन्मलं, कोण गेलं.

सुरुवातीला मी प्रश्न काढायचो तयार दिनदर्शिकेवरून. दहाव्याच दिवशी तोंडावर पडलो. त्यात एका लेखकाची जयंती आणि पुण्यतिथी सरळ उलटसुलट छापलेली होती, मी ती तशीच फळ्यावर उतरवली आणि चिठ्ठ्यांऐवजी डब्यात दुरुस्त्या आल्या. तेव्हापासून दोन वेगळ्या ठिकाणी सापडल्याशिवाय तारीख फळ्यावर जात नाही. (दोन ठिकाणं म्हणजे एकमेकांवरून उतरवलेली दोन नव्हेत. हे ओळखायला मला आणखी महिना लागला.)

दुसऱ्याच दिवशी, २५ जुलैला गाडी रुळावर आली. प्रतिभाताई पाटलांनी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली ती २५ जुलै २००७ ला, हे आपल्या जळगाव जिल्ह्यात बऱ्याच जणांना पाठ आहे. म्हणून उलटं विचारलं : याच तारखेला आणखी कोणी शपथ घेतली? १९७७ मध्ये नीलम संजीव रेड्डींनी घेतली आणि तिथून पुढचा प्रत्येक राष्ट्रपती २५ जुलैलाच शपथ घेत आला. म्हणजे चारही पर्याय बरोबर. त्या दिवशी लोक फळ्यापाशी थांबून भांडले. प्रश्न जमला की नाही हे कळण्याची माझी खूण तीच.

आता २४ ऑगस्टचं सांगतो, कारण या वहीतली सगळ्यात जास्त पानं त्या एका दिवसाने खाल्ली आहेत.

बहिणाबाई चौधरींचा जन्म असोद्याचा, २४ ऑगस्ट १८८०. शाळेत हेच शिकलो, खूप ठिकाणी हेच छापलेलं आहे. मी फळ्यावर विचारलं, ‘त्यांचा जन्म कोणत्या सणाला झाला?’ उत्तर नागपंचमी. सोपा प्रश्न, डबा भरला. संध्याकाळी आमचे आप्पा आले. रोज पंचांग बघितल्याशिवाय चहा न घेणारा माणूस. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, “भाऊ, नागपंचमी चोवीसले कशी यी?”

मी म्हटलं, आप्पा, छापलंय तसं. ते काही बोलले नाहीत, पण मला रात्री झोप लागेना. मग वही घेऊन बसलो. ११ जानेवारी १८८० ला सूर्यग्रहण झालं होतं. ग्रहण म्हणजे अमावास्या नक्की. एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवस आणि वर थोडे. अशा सात अमावास्या पुढे मोजल्या की सुमारे २०७ दिवस होतात. १८८० लीप वर्ष, फेब्रुवारी २९ चा. बोटं मोडत पोचलो ५-६ ऑगस्टला. श्रावण तिथून सुरू. मग शुद्ध पंचमी आली १०-११ ऑगस्टला. २४ ला तर वद्य पक्ष चालू होता!

म्हणजे नागपंचमी खरी धरली तर २४ तारीख जाते, आणि २४ तारीख धरली तर नागपंचमी जाते. ११ ऑगस्ट ही तारीखही काही ठिकाणी दिलेली आढळते, ती का, हे त्या रात्री उलगडलं. आईबापांच्या लक्षात सण राहिला असणार, तारीख मागाहून कोणीतरी बसवली असणार, असं माझं मत. दुसऱ्या दिवशी फळ्यावर प्रश्न लिहिलाच नाही, हा हिशेबच लिहिला. आप्पांनी उभ्याने वाचला, एक अमावास्या पुन्हा मोजून घेतली आणि मान डोलावली.

तेव्हापासून प्रश्नांसाठी केलेल्या कार्डांपैकी जुन्या माणसांच्या कार्डावर तारखेशेजारी तिथीसाठी एक रकाना ठेवलाय. तुम्हीही असा फळा लिहीत असाल आणि हा रकाना नसेल तर आजच आखून घ्या.

यातूनच दुसरा उद्योग सुरू झाला. रोज चिठ्ठी टाकणाऱ्यांचे वाढदिवस गोळा केले, म्हटलं फळ्याच्या कोपऱ्यात त्यांचीही नावं लिहू. ३७ जणांनी दिले. त्यातले १४ जण १ जूनचे! साठीच्या पुढचे तर जवळपास सगळेच. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावलेली तारीख ही. आप्पाही १ जूनचेच. खरी कधीची, विचारलं तर म्हणाले, “मन्हा जनम पोयाना. तारीख गुरुजीनी टाकी.” पोळ्याचा जन्म म्हणजे श्रावण अमावास्या. त्यांना साल सांगता आलं तर तारीख काढून देईन म्हटलं. साल दोन निघतात, आधार कार्डावरचं आणि मोठ्या बहिणीने सांगितलेलं. काम चालू आहे.

पर्याय काढण्याबद्दल थोडं. चुकीचा पर्याय शेजारचा हवा, परगावचा नको. ९ सप्टेंबरला विचारलं, नंदुरबारचा बालहुतात्मा शिरीषकुमार मेहता कोणत्या दिवशी गेला? पर्यायांत ९ ऑगस्ट १९४२ ठेवला. ४१ चिठ्ठ्यांपैकी २६ तिथेच गेल्या. क्रांतिदिन डोक्यात इतका पक्का की फळ्यावर आजची तारीख लिहिलेली असूनही कोणी वर पाहिलं नाही. दहावीतला एक मुलगा चिडला, “काका, तुम्ही फसवता.” मी म्हटलं, बरं, त्याचं वय काढ. जन्म २८ डिसेंबर १९२६. त्याने तिथेच खडूने वजाबाकी केली, पंधरा आलं. मग डस्टर ठेवून गेला, पुढे काही बोलला नाही.

२ ऑक्टोबरचा प्रश्न मात्र मला स्वतःला आवडतो : आज जन्मलेला आपल्या खानदेशचा छायाचित्रकार कोण? गांधीजी आणि शास्त्रीजींच्या गर्दीत चाळीसगावचे केकी मूस (१९१२) कोणाला आठवले नाहीत. बरोबर चिठ्ठ्या तीन, त्यातली एक चाळीसगावच्या माहेरवाशिणीची.

डिसेंबर म्हणजे आपली सुगी. २४ ला साने गुरुजी (१८९९), २७ ला फैजपूरचं काँग्रेस अधिवेशन (१९३६, खेड्यात भरलेलं पहिलं), २८ ला शिरीषकुमार, २९ ला आमच्या अमळनेरात १९४५ साली सुरू झालेली आणि पुढे विप्रो झालेली तेलाची कंपनी, ३१ ला धुळ्यात गेलेले इतिहासाचार्य राजवाडे (१९२६) आणि पुन्हा केकी मूस (१९८९). आता अमळनेरात साने गुरुजी कोण म्हणून विचारणं म्हणजे बोरी नदी कुठे म्हणून विचारणं. म्हणून त्यांचं जन्मगाव विचारलं. निम्म्यांनी अमळनेर लिहिलं. ते कोकणातले, पालगडचे. दोन दिवस माझ्याशी कोणी नीट बोललं नाही.

जानेवारीत खानदेश कोरडा. बाहेरच्या प्रश्नांवर भागवलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

पुढची कार्डं काढून ठेवलीत. १३ ऑगस्टचं तयार आहे : धरणगावचे बालकवी (१८९०) आणि आचार्य अत्रे (१८९८), एकाच तारखेचे. ५ मेचंही आहे : १८१८ मध्ये कार्ल मार्क्स जन्मला, बरोबर शंभर वर्षांनी त्याच तारखेला भादली स्टेशनजवळ बालकवी गेले. जोडी बघून लोक काय म्हणतील याची उत्सुकता आहे.

पण आधी येत्या २१ तारखेचं. २१ फेब्रुवारी १९३२ ला धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर बोलायला सुरुवात केली, साने गुरुजी लिहून घेत होते. शेवटचं प्रवचन १९ जूनला. दर रविवारी एक, अध्याय अठरा. आप्पांच्या भीतीने मी आधीच मोजून पाहिलंय : दोन्ही तारखांना रविवारच येतो आणि रविवार बरोबर अठरा भरतात. प्रश्नात एवढंच विचारणार आहे, वार कोणता? चिठ्ठीवर मोजणी दाखवली तरच उत्तर धरणार, असं खाली बारीक अक्षरात लिहीन. नवा खडू आणायचा आहे.