पवना प्रदक्षिणा : चावसर–मोरवे टप्प्याची हिवाळी वाट जुळली

मागील नोंदीत अडून राहिलेला चावसर ते मोरवे हा टप्पा या रविवारी पायी पूर्ण झाला आणि मावळातील पवना धरणाच्या जलाशयाभोवती आपला गट नकाशावर आखत असलेल्या हिवाळी पायवाटेतील सर्वांत मोठी तूट भरून निघाली. १६६५ च्या पुरंदरच्या तहात लोहगड, विसापूर, तिकोना आणि तुंग हे चारही किल्ले मोगलांकडे गेले होते. एकाच पवन मावळावर नजर ठेवणारे हे चार गड एकाच पायवाटेने जोडले जावेत, हा या खटाटोपाचा हेतू नव्या सदस्यांसाठी पुन्हा नोंदवतो. मोरव्यापर्यंत डांबरी रस्ता आहेच, पण त्यावरून जायचे असेल तर नकाशा करण्याची गरजच उरत नाही.

अडचण वाटेची नव्हती, पाण्याची होती. आपल्याकडे जमलेले बहुतेक जीपीएक्स ट्रॅक (जीपीएसने नोंदवलेल्या चालीच्या फाइली) एप्रिल-मे महिन्यांतील आहेत. पवना धरणाचा उपयुक्त साठा ८.५१ टीएमसी असून त्यातून पिंपरी-चिंचवडला वर्षभर पाणी जाते, त्यामुळे ऑक्टोबरनंतर काठ हळूहळू खाली सरकत राहतो आणि मे महिन्यात ओढ्यांच्या मुखाशी कोरडी, भेगाळलेली जमीन उघडी पडते. उन्हाळी ट्रॅक त्याच जमिनीवरून सरळ पलीकडे जातात. डिसेंबरमध्ये तेथे फुगवटा, म्हणजे ओढ्यात मागे शिरलेले धरणाचे पाणी, असतो आणि ट्रॅकवर विसंबून गेलेला माणूस पाण्यापाशी येऊन थांबतो. नकाशावर मात्र जलाशयाची एकच निळी कड असते आणि ती कोणत्या महिन्याची आहे, हे कोठेही लिहिलेले नसते.

पहिला उपाय कॉन्टूरचा, म्हणजे समान उंचीच्या रेषांवरून काठ काढण्याचा, होता. एसआरटीएम या अवकाशातून केलेल्या रडार-मोजणीची उंचीची माहिती फेब्रुवारी २००० मधील आहे. रडार पाण्याच्या आत पाहू शकत नाही, म्हणून त्या वेळच्या पातळीखालचा सगळा भाग तेथे सपाट दिसतो. डिसेंबरचा काठ सहसा त्याहून वर असतो, म्हणजे आपल्याला हवा तो पट्टा उपलब्ध होता. परंतु उतार दहास एक असेल, तर उंचीतील ४ मीटरच्या फरकाने काठ ४० मीटर सरकतो, आणि चावसरच्या बाजूचे उतार त्याहूनही मंद आहेत. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशा-पत्रकांची स्वच्छ रेषा मला आजही कोणत्याही ॲपपेक्षा अधिक आवडते, पण येथे तुंग ४७ एफ/६ या क्रमांकाच्या पत्रकात आणि तिकोना ४७ एफ/१० मध्ये येतो. दोन पत्रके शेजारी लावून काम करावे लागले आणि तरीही काठाचा प्रश्न सुटला नाही.

मार्ग सेंटिनेल-२ या उपग्रहांच्या प्रतिमांनी दाखवला. जवळचे अवरक्त (निअर-इन्फ्रारेड) किरण पाणी शोषून घेते, म्हणून हिरव्या आणि अवरक्त पट्ट्यांची तुलना केली की पाणी व जमीन १० मीटरच्या बारकाईने वेगळी होतात. हिवाळ्यात आकाश निरभ्र असल्याने वापरण्याजोग्या प्रतिमा भरपूर मिळतात. डिसेंबरच्या आणि मेच्या काठाच्या रेषा एकमेकींवर ठेवताच उन्हाळी ट्रॅक नेमका कोठे बुडतो ते स्पष्ट दिसले, आणि फुगवट्याच्या वरच्या टोकाला वळसा घालणारी एक पुसट रेषाही दिसली.

ती ढोरवाट निघाली. चावसरच्या पुढे गुरे राखणाऱ्या एका मामांना विचारले, तेव्हा त्यांनी काठीनेच दिशा दाखवली : "खाली जाऊ नगा, पानी हाय. पदरातनं आडवं जावा." पदरातील, म्हणजे डोंगराच्या मधल्या सपाट टप्प्यावरील, ही आडवी चाल कारवीच्या झुडपांच्या कडेने जाते, एका घळीत थोडी उतरते, ओढा दगडांवरून ओलांडते आणि डोंगराच्या सोंडेवर आल्यावर तुंगचा सुळका अगदी समोर येतो. तो क्षण फार मोठ्या समाधानाचा होता. घळीत फोनचा जीपीएस कड्यावरून परावर्तित होणाऱ्या लहरींमुळे भरकटतो, म्हणून तेथील वेपॉइंट (वाटेवरील खुणेचे बिंदू) हातातील स्वतंत्र यंत्रावर थांबून घेतले आहेत.

वाळलेल्या गवतातील कुसळांसाठी रविवार पेठेतून बॅगेचे कापड आणून शिंप्याकडून गुडघ्यापर्यंतचे गेटर (पोटरीवर चढवायचे कापडी आवरण) शिवून घेतले होते. तयार मिळणाऱ्या महागड्या जाळीदार गेटरमधून कुसळे आरपार जातात, यांतून एकही गेले नाही. काठालगतच्या कॉटेज आणि तंबूंच्या तारेच्या कुंपणांचा प्रश्नही पदरातील वाटेने आपोआप टळतो.

मुळात या वाटेला 'हिवाळी' असे नाव देऊन ती नकाशावर चढवण्याचा विचार होता. हे लिहिताना लक्षात येते की महिना हा निकषच पुरेसा नाही, कारण पाऊस कमी झालेल्या वर्षी जानेवारीतच काठ बराच खाली गेलेला असू शकतो. धरणाच्या साठ्याची टक्केवारी रोज जाहीर होते, तेव्हा वाटेची निवड तिच्याशीच जोडावी. साठ्याच्या काही निवडक टक्केवारींना काठाची रेषा काढून दोन टोकांच्या रेषांमधील पट्टा ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांना संपादता येणाऱ्या खुल्या नकाशावर हंगामी पाणी म्हणून नोंदवावा, असे आता ठरवतो आहे. त्यामुळे पुढील रविवारी ठरलेली लोहगड–भाजे बाजूची चाल पुढे ढकलतो. तेथील वाट मळलेली आहे आणि मळवलीहून कधीही करता येईल.

ज्यांच्याकडे जवण ते तुंगवाडी या पट्ट्यातील ट्रॅक असतील, त्यांनी ते मूळ तारीख आणि वेळ न काढता पाठवावेत. तारीख असेल तरच त्या दिवसाच्या साठ्याशी काठ ताडून पाहता येईल.